कुबड्याची फुलं

१४ जानेवारी

योलांदा आत्याच्या फडताळात ही वही सापडली. पहिल्या पानावर "जर्दाळू, ११ बाटल्या" एवढंच लिहिलंय, पुढची सगळी कोरी. आता ही माझी. बोलोन्यात सव्वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर चष्मे बसवले, रोजनिशी लिहायला कधी फुरसत झाली नाही. इथे संध्याकाळी पाचला अंधार पडतो आणि बोलायला फक्त शेगडी आहे.

बाटल्यांवर आत्याने निळ्या तैलरंगाने आकडे घातलेत. खिडक्यांच्या झडपांना लावून उरलेला रंग असणार, फुकट काही जाऊ द्यायची नाही ती. तिचा दोन बघून हसू आलं. बदक पोहत चाललंय असा.

ठरलंय ते लिहून ठेवते, म्हणजे रेमो नंतर शब्द फिरवणार नाही. बाग आम्हा दोघा भावंडांची. मर्रोने जातीच्या चेस्टनटची एकसष्ट झाडं. रेमोचं म्हणणं, लाकडाच्या ठेकेदाराला देऊन मोकळे होऊ. माझं म्हणणं, मी चालवते. भांडून भांडून तोडगा निघाला तो असा: एक नोव्हेंबरला वाळवणघराचा माळा गुडघाभर भरलेला दिसला तर बाग राहील. नाहीतर हिवाळ्यात करवत. वाळवणघर म्हणजे बागेतली दगडी खोली, खाली चाळीस दिवस मंद आग, वर फळ्यांच्या माळ्यावर चेस्टनट. आत्या गेल्यावर गेल्या शरदात कोणी वेचलीच नाहीत, सगळी रानडुकरांनी खाल्ली. आत्याच्या वेळी माळा कमरेपर्यंत भरायचा. गुडघा म्हणजे काहीच नाही.

२ फेब्रुवारी

आज कुबड्या पाडला.

ओढ्याकडच्या कोपऱ्यातलं ते वेडंवाकडं झाड, एकुलतं एक रानटी. कलम न केलेलं, फळं करंगळीच्या नखाएवढी, सावली मात्र तीन झाडांवर. आत्या इतकी टापटिपीची, तिने ते का ठेवलं होतं कोण जाणे. माणूस बोलावला, दोन तासांत काम झालं.

करवतीचा आवाज ऐकून ओढ्यापलीकडचा सेत्तिमिओ धावत आला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, बिनकोटाचा, पायात घरातल्या सपाता.

"ए पोरी, थांबव ते! बागेतला नर आहे तो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे नर. बाकीच्या सगळ्या बाया आहेत."

गावात आल्यापासून तीन जणांनी विचारून झालंय, नवरा कुठे असतो म्हणून. आता झाडांवरून ऐकवतात. मी सरळ सांगितलं, "सेत्तिमिओ, माझ्या सगळ्या झाडांना तुरे येतात, लहानपणापासून बघतेय मी. आणि बायांचं नवऱ्याशिवाय चालतं. माझं नऊ वर्षं चाललंय."

करवतवाला हसला. सेत्तिमिओ हसला नाही. झाड आडवं होईपर्यंत उभा राहिला, टोपी काढली आणि निघून गेला. नाटकी माणूस.

९ फेब्रुवारी

कुबड्याच्या बुंध्यावर बसून डबा खाल्ला. कोपरा किती उजळलाय.

१९ मे

विद्यापीठातून नोएमी नावाची मुलगी आली. तिशीची, चिखलाने माखलेली, बोलते भरभर. जुन्या चेस्टनटची पानं गोळा करून त्यांची कुळं शोधणं हे तिचं काम. दोन हजार झाडांची यादी झालीय म्हणे. कुठल्या झाडाचं रक्त दुर्मिळ ते कळलं की त्याची कलमं करून जपतात.

मला हे सगळं फार आवडलं. दिवसभर तिच्यामागे फिरले. मी पान तोडायचं, तिने पाकिटात घालून क्रमांक टाकायचा. एकसष्ट झाल्यावर ती बुंध्याकडे वळली. बुडातून वीतभर फुटवे आलेत, मी दोनदा छाटले तरी.

"ते सोडा," मी म्हटलं, "ते पाडलंय. रानटी होतं."

"का पाडलंत?"

"अडचण होती."

तिने तरी फुटव्याचं पान घेतलंच. आसपास आणखी रानटी चेस्टनट आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, खालच्या अंगाचे मुळं कुजवणाऱ्या शाईरोगाने केव्हाच गेले, वर नुसती बीच आणि देवदारची झाडं. तिने ते लिहून घेतलं. जाताना माझ्या गळ्यातलं भिंग बघून म्हणाली, "तुमच्याकडे हे आहेच. जूनमध्ये तुरे आले की एकदा यातून बघा."

बघेन.

२० जून

हद्द झाली. सकाळी बागेत गेले तर झाडाझाडावर गंजके डबे. टोमॅटोचे, तेलाचे. तारेने फांदीला अडकवलेले, आत पाणी, आणि पाण्यात चेस्टनटच्या तुरेवाल्या डहाळ्या खोचलेल्या, मढ्यापुढे फुलं ठेवावीत तशा. आणि प्रत्येक डब्यावर निळा आकडा. माझी झाडं मोजून त्यांना नंबर घातलेत कोणीतरी.

कोणीतरी कशाला? सेत्तिमिओच्या कोठाराचं दार बरोब्बर याच निळ्या रंगाचं आहे. रेमोने मागे सांगितलंच होतं, म्हाताऱ्याने फोन करून बागेची चौकशी केली, विकणार का म्हणून. म्हणजे आत्तापासून खुणा करून ठेवतोय.

२१ जून

दिवसभर शिडी घेऊन डबे काढले. सत्तावन्न. वरच्या बांधावरचे चार राहिले. तिथे उतार फार, त्याने ते आकडीच्या काठीने लांबून अडकवले असावेत. मरू देत, वाऱ्याने पडतील. डबे चेपून भंगारवाल्याच्या गाडीत टाकले, डहाळ्या एका बाजूला रचल्या. हातांना सगळा पिवळा भुगा, शिंकून शिंकून बेजार झाले. भिंगातून बघायचं राहूनच गेलं.

२४ जून

काल चौकात सेंट जॉनची होळी. प्रत्येक घराने काहीतरी जाळायला आणायचं असतं. मी त्या डहाळ्यांचे दोन भारे नेले. सेत्तिमिओच्या समोर, मुद्दाम, एकेक करून टाकले.

वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने वाईनचा पेला बाकावर ठेवला, भरलेलाच, आणि घरी गेला. पाय ओढत चालत होता. कंबर धरलीय म्हणे त्याची तीन-चार दिवसांपासून. बेकरीवालीने मला विचारलं, "काय झालं गं याला?" मी म्हटलं, मला काय माहीत.

रात्री नीट झोप लागली नाही. का ते कळत नाही. बरोबर मीच होते.

८ ऑगस्ट

काटेरी बोंडं काय सुरेख धरलीत. हिरवीगार, लिंबाएवढी, फांद्या वाकल्यात. रेमोला फोटो पाठवला. त्याने उलट लिहिलं, "गुडघ्याचं माप माझ्या की तुझ्या?" माझ्या, मी बुटकी आहे, असं कळवलं.

कुबड्याचे फुटवे चौथ्यांदा छाटले. चिवट आहे.

१२ सप्टेंबर

नोएमीचा फोन. ऐकून मी अंगणातल्या पायरीवर बसले.

"तुमची एकसष्ट झाडं एकच झाड आहे," ती म्हणाली.

"एक जात, असं म्हणायचंय ना?"

"नाही, एक झाड. कोणीतरी चार-पाचशे वर्षांपूर्वी एक चांगलं झाड हेरलं. त्याची काडी दुसऱ्यावर, त्याची तिसऱ्यावर. कलम म्हणजे तेच झाड पुन्हा. जे एकाला मारेल ते एकसष्टांना मारेल."

मी विचारलं, आणि तो बुंधा? ती म्हणाली, तो वेगळा. तिच्या दोन हजारांच्या यादीत त्याच्यासारखं एकही नाही. खालचं सगळं रान ज्या शाईरोगाने गेलं त्यात तो ओढ्याकाठी ओल्या मातीत टिकून कसा राहिला, हे तिला बघायचं होतं. "फुटवे ठेवलेत ना?"

ठेवलेत म्हटलं. खोटं बोलले. फोन ठेवून पळत गेले तर देवाच्या कृपेने दोन कोंब परत आले होते. भोवती जाळी लावली.

संध्याकाळी बागेत फिरताना चमत्कारिक वाटलं. मी यांना नावं ठेवत होते, ही आळशी, ती गुणी. आणि ते सगळं एकच झाड, एकसष्ट वेळा उभं.

११ ऑक्टोबर

बोंडं पडायला लागली. पहिलं टाचेने फोडलं, आत तीन चपटी टरफलं. गर नाही. दुसरं, तेच. शंभर तरी फोडली असतील. बाहेरून सोन्यासारखी आणि आत नुसतं चामडं.

बेकरीवाली म्हणते गांधीलमाशी. ती कोंबांना गाठी आणते ती, मागे सगळ्या खोऱ्याला नडली होती. रेमोला तेच लिहिलं, गांधीलमाशीने घात केला. लिहिताना झाडांकडे पाहिलं तर गाठी अगदी तुरळक. तरी पाठवलं.

१४ ऑक्टोबर

वरच्या बांधावरची चार झाडं भरलीत. ठासून. एकेका बोंडात दोन-दोन, तीन-तीन, चकचकीत, हाताला जड. माती तीच, ऊन उलट कमी. आणि नोएमीच्या म्हणण्याप्रमाणे झाडही तेच. मग?

नोएमीला फोन केला. ती म्हणाली, वीस फळं पाठवा, प्रत्येक झाडाची पाच. आई कोण ते माहीतच आहे, बाप कोण ते बघू.

बाप. फेब्रुवारीपासून एक वाक्य डोक्यात बसलंय, त्याकडे मी कानाडोळा करतेय.

१ नोव्हेंबर

रेमो आला. माळ्यावर चार झाडांचे चेस्टनट पसरलेले, फळ्यासुद्धा नीट झाकल्या नव्हत्या. त्याने पावलाने मापलं, हसला नाही, त्याबद्दल त्याची आभारी आहे.

"ब्रूना, माशीचा तुझ्याकडे इलाज नाही," तो म्हणाला. "ठेकेदार जानेवारीत मोकळा आहे."

मी बरं म्हटलं. आत्याच्या कबरीवर शेवंती ठेवून आलो. तिथे आधीच कोणाची तरी होती, ताजी.

१९ नोव्हेंबर

नोएमीचा फोन. आधी म्हणाली, मी दोनदा तपासलं. मग म्हणाली, "वीसच्या वीस फळांचा बाप तुमचा बुंधा आहे."

मी म्हटलं, तो फेब्रुवारीत पाडला. फुलं जूनमध्ये येतात.

"माहितीये मला. म्हणूनच दोनदा तपासलं."

"फुटवे?"

"त्यांना फुलं यायला वर्षं लागतील. नाही, ते झाड, किंवा त्याचा तुकडा, कुठेतरी जिवंत आहे आणि या जूनमध्ये फुललं होतं. तुमच्या मर्रोनेच्या तुऱ्यांत पराग नसतो हो, ते नुसते दिसायला तुरे. तुमची झाडं बाहेरच्या परागाशिवाय फळ धरूच शकत नाहीत. वरच्या चार झाडांपर्यंत तो कसा पोचला?"

हातांना लागलेला पिवळा भुगा आठवला. शिंका आठवल्या. फोन कधी ठेवला ते आठवत नाही.

वरच्या बांधावर गेले. ते चार डबे अजून लटकत होते, आत काळ्या पडलेल्या काड्या. आकडीच्या काठीने एक खाली घेतला. बावीस नंबरचा. दोन बदकं, एकामागे एक.

असाच दोन मी रोज सकाळी जर्दाळूच्या मुरंब्यावर बघते. चष्मेवाली मी.

२० नोव्हेंबर

डबा घेऊन सेत्तिमिओकडे गेले. त्याने दार उघडलं, डबा बघितला आणि बाजूला झाला. "ये. कॉफी टाकतो."

मी उभ्यानेच म्हटलं, "सत्तावन्न डबे मी भंगारात दिले. फुलं जाळली. कुबड्या तर... मला माफ करा."

"बस आधी."

कॉफी उतू गेली, त्याने पुसली. मग मला मागच्या दाराने कोठारामागे नेलं. तिथे एक चेस्टनट, जाडजूड, गुडघ्याच्या उंचीवर कलमाची गाठ. वर पिळवटलेलं खोड, पाठीत बाक. कलमाला बाकसुद्धा येतो का, नोएमीला विचारलं पाहिजे.

"बेचाळीस वर्षं झाली," तो म्हणाला. "कुबड्यावर वीज पडली होती. योलांदा घाबरली, गेला तर बागच गेली म्हणे. मला म्हणाली, एक तुझ्याकडे असू दे. मी काडी आणून लावली."

"आणि डबे?"

"कुबड्या होता एका कोपऱ्यात. त्याचा पराग सगळ्या बागेला पुरायचा नाही, आणि हा कोठाराआड, याचा ओढ्यापलीकडे पोचत नाही. मग दर जूनला आम्ही डहाळ्या टांगायचो. डबे तिचे, रंग तिचा. उरला त्यात माझं दार झालं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं की. तू म्हणालीस, बायांचं चालतं." तो पहिल्यांदा हसला. "योलांदासुद्धा हेच म्हणायची मला. शब्दाला शब्द हेच. चाळीस वर्षं ऐकून घेतलं, मग तुझ्याशी काय वाद घालणार?"

परत स्वयंपाकघरात आल्यावर मी ओट्याकडे बघत राहिले. तिथे दोन कप पालथे घातले होते, एकावर धूळ.

"ती चढायची का शिडीवर?"

"तीच. उंचीची भीती वाटायची तिला, पण मला चढू द्यायची नाही. मी खाली शिडी धरायचो."

"आणि या जूनमध्ये? शिडी कोणी धरली?"

तो कप विसळायला लागला. एकसष्ट झाडं, एकोणऐंशी वय, आणि मी बेकरीवालीला म्हटलं होतं, मला काय माहीत.

घरी आल्यावर खूप रडले. ते आत्यासाठी होतं की त्याच्यासाठी, सांगता येणार नाही.

२१ नोव्हेंबर

रेमोला पत्र लिहिलं. फोनवर जमलं नसतं.

"गांधीलमाशी नव्हती. मी होते. बागेतलं एकमेव परागाचं झाड मी पाडलं, आणि शेजाऱ्याने जीव धोक्यात घालून केलेली दुरुस्ती उपटून जाळली. झाडांचा काही दोष नाही. करवत चालवायची तर माझ्या चुकीवर चालव, झाडांवर नको. एक वर्ष दे."

२ डिसेंबर

रेमोचं उत्तर एका ओळीत. "गुडघा माझा, तुझा नाही."

तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. मान्य.

११ मार्च

नोएमीने सेत्तिमिओच्या झाडाच्या काड्या नेल्या, ओल्या कापडात गुंडाळून. तिच्या बागेत त्यांची बारा कलमं होणार. सेत्तिमिओने तिला कुळाबद्दल बरंच विचारलं, कुठून आला असेल, किती जुना. ती म्हणाली, कदाचित हिमयुगात ज्या थोड्या खोऱ्यांत चेस्टनट वाचले त्यांच्यातला. पण खात्री नाही.

"म्हणजे आमच्या दोघांपेक्षा म्हातारा," तो म्हणाला. दोघांपेक्षा म्हणताना माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

२२ जून

सत्तावन्न डबे रंगवायला आठवडा गेला. आत्याचा रंगाचा डबा तळाशी सुकला होता, नवा आणला. निळा तंतोतंत जमला नाही. सेत्तिमिओने एक हातात घेऊन निरखला. "तुझा दोन सरळ आहे," म्हणाला. तक्रार की कौतुक, कळलं नाही.

चढण्याआधी भिंगातून पाहिलं, एक वर्ष उशिरा. माझ्या झाडाचा तुरा टकला. कुबड्याच्या तुऱ्यावर पिवळ्या तंतूंची दाटी, प्रत्येकाच्या टोकाला बारीक ठिपका. सेत्तिमिओलाही दाखवलं. त्याने खूप वेळ पाहिलं. चाळीस वर्षं टांगली, पण इतक्या जवळून कधी बघितली नव्हती म्हणाला.

मग मी वर, तो खाली. तीन दिवस. त्याने शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरलेले, तोंड सतत चालू. "डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे. पाणी सांडतंय माझ्या डोक्यावर." वरच्या बांधावर वीस ते तेवीस नंबरचे आत्याचेच चार जुने डबे लावले. तेवढे मी रंगवले नव्हते.

बाविसाव्याला त्याचं बोलणं बंद झालं. मी वरून खाली पाहिलं. त्याने कपाळ शिडीला टेकवलं होतं. मी तार बांधायला जरा जास्त वेळ लावला.

२ नोव्हेंबर

रेमो काल आला. बूट काढून माळ्यावर चढला आणि चेस्टनटच्या ढिगात उभा राहिला. गुडघे दिसेनात. खाली वाकून त्याने गुडघा चाचपला, मग मला विचारलं, ठेकेदाराला फोन तू करतेस की मी. मी म्हटलं, तू कर, नाही म्हणायची सवय मला आहेच, तुला व्हायला हवी.

आज सकाळी वाळवणघरात आग घातली. घराण्यातल्या थोरल्याने पेटवायची अशी रीत आहे. रेमो काडेपेटी घेऊन पुढे झाला. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि सेत्तिमिओला दिली.